जुना कार्बोरेटर आणि शिकलेले हात

वर्षावास सुरू झाला की आमच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात संध्याकाळच्या वेळी मोटारसायकलींची एक वेगळीच ये-जा सुरू होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन करणारा प्रत्येक गावात असतोच असे नाही. मग तालुक्याच्या ठिकाणचा एखादा कार्यकर्ता कचेरी सुटल्यावर तसाच निघतो, दोन तास वाचन व चर्चा करतो आणि रात्री नऊ-दहाला परत फिरतो. तोवर शेवटची एसटी निघून गेलेली असते. म्हणून आमच्या चळवळीत मोटारसायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. ती कार्यकर्त्याच्या पायांसारखी आहे.

आमच्या घरची यामाहा आरएक्स शंभर ही अशीच गाडी. आमच्या बाबांनी ती १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून घेतली. या गाडीने शिष्यवृत्तीचे फॉर्म वाहिले, पुस्तकांचे गठ्ठे वाहिले, आजारी माणसे अमरावतीला पोचवली. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा बाबा याच गाडीवरून पेढ्यांचा डबा घेऊन गावोगाव फिरले होते. बाबा आता नाहीत. गाडी आहे.

गेल्या वर्षावासात ही गाडी त्रास देऊ लागली. उभी असली की खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकायचे. थंड असताना लवकर सुरू होत नसे, सुरू झाली तर जागेवर टिकत नसे, आणि अर्धी मूठ फिरवली की मध्येच दम सोडायची. प्लग काढून पाहिला तर काजळीने काळा. एका रात्री परतताना भर पावसात ती बंद पडली आणि आम्ही तीन किलोमीटर काळ्या चिखलातून ढकलत आणली. जवळच समृद्धी महामार्गावरून मोठ्या गाड्या सूं सूं करीत धावत होत्या. तो महामार्ग आमच्या तालुक्यातूनच गेला आहे, परंतु त्यावर दुचाकीला मनाई आहे.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या मिस्त्रीने खाली वाकूनही न पाहता सांगितले, “कारबोरेटर गेला जी तुमचा. असली भेटत नाही आता. नवा लोकल टाका, नाही तं भंगारात देऊन टाका.” घरी सौभाग्यवतीचेही मत पडले की रात्री-बेरात्री गाडी ढकलत बसण्यापेक्षा ती विकलेली बरी. आम्हालाही ते पटू लागले होते.

तेवढ्यात पुतण्या म्हणाला, “काकाजी, एक रविवार द्या मले. खोलून तं पाहू.”

येथे आम्हाला आमचीच एक गोष्ट कबूल करावी लागते. हा मुलगा आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला. एका गॅरेजात काम शिकायला गेला. मालकाने आधी गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि दुसऱ्या दिवशी जागा भरल्याचे सांगितले. तो खिन्न होऊन घरी आला तेव्हा आम्ही काय केले? त्या मालकाला जाब विचारला नाही. उलट मुलालाच सांगितले, “सोड तो पाना. हात काळे करण्यासाठी शिकवलं काय तुले? लिपिकाच्या जागेचा फॉर्म भर.” आम्ही बी.कॉम. होऊन टेबलाशी बसलो, म्हणून घरातल्या प्रत्येकाने टेबलाशीच बसले पाहिजे, असे आम्हाला वाटत होते. तेव्हापासून तो परीक्षांचे फॉर्म भरीत होता आणि त्याची पान्यांची पेटी माळ्यावर धूळ खात पडली होती.

रविवारी ती पेटी खाली आली.

कार्बोरेटर करतो तरी काय?

पेट्रोल नुसते जळत नाही, हवेत मिसळल्यावर जळते. एक भाग पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करून इंजिनाला देणे एवढेच कार्बोरेटरचे काम. दोन भिंतींमधल्या अरुंद बोळीत वारा जोराने वाहतो हे आपण पाहतो. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो व तिथला दाब घटतो. इटलीचे शास्त्रज्ञ जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) यांच्या नावाने ही अरुंद वाट ओळखली जाते. कार्बोरेटरच्या पोटात अशीच वाट असते. इंजिन हवा ओढते, त्या वाटेत दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर येऊन हवेत फवारले जाते.

ही छिद्रे म्हणजे जेट. पितळेच्या छोट्या स्क्रूसारखा हा भाग, त्यावर आकडा कोरलेला असतो. आमच्या गाडीच्या कार्बोरेटरात असे दोन जेट आहेत. गाडी जागेवर चालते तेव्हा आणि मूठ अगदी थोडी फिरवली असता लहान जेट, ज्याला मिस्त्री लोक स्लो जेट म्हणतात, तो पेट्रोल देतो. पाव मुठीपासून पाऊण मुठीपर्यंत लांब सुईचा, म्हणजे निडलचा, अंमल असतो. मूठ फिरवली की ही सुई वर उचलली जाते व पेट्रोलची वाट मोकळी होते. पूर्ण मुठीला मेन जेटचे राज्य. गाडी कोणत्या मुठीला अडते हे नीट पाहिले तर दोष कुठे शोधायचा ते निम्मे कळते. पुतण्याने हे आम्हाला दहा मिनिटांत वहीवर आकृती काढून समजावले. आम्ही तीस वर्षे गाडी पाहिली, बरीच वर्षे चालवली, परंतु हे आम्हाला ठाऊक नव्हते.

खोलणे आणि धुणे

काम अंगणात, उघड्यावर केले. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते व लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून स्वयंपाकघराजवळ, गॅसच्या शेगडीशेजारी किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या घोळक्यात हे काम कधीही करू नये. लहान मुलांना दूर ठेवावे.

टाकीचा कॉक बंद करून कार्बोरेटर काढला. प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडला. सुईच्या डोक्याला खाचा असतात व त्यातल्या एकीत क्लिप बसवलेली असते. ती कितव्या खाचेत होती हे लिहून ठेवले. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत घट्ट बसतो हे मोजून तेही लिहिले. येथे आमच्या लेखनिकीचा प्रथमच उपयोग झाला.

वाटी उघडली तेव्हा तळाशी पिवळट, चिकट थर साचलेला होता. पेट्रोल उडून गेले की मागे राहतो तो हा डिंक. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलेले नव्हते, म्हणजे तो शाबूत. पेट्रोल ठिबकण्याचे कारण फ्लोटखालच्या लहान सुईत सापडले. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि ही सुई पेट्रोलची वाट बंद करते. तिचे टोक झिजून त्यावर कडे पडले होते. वाट पुरती बंद होईना, पेट्रोल पातळीबाहेर चढे, म्हणून इंजिनाला पेट्रोल जास्त आणि प्लग काळा. आणि स्लो जेट उजेडाकडे धरला तर आरपार काहीच दिसेना. तो पुरता बुजला होता.

जेट साफ करताना पुष्कळ जण टाचणी किंवा स्टीलची तार घालतात. पितळ मऊ असते, छिद्र केसभर मोठे झाले तरी जेट बिघडतो. आधी जेट पेट्रोलमध्ये भिजवावा, मग विजेच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार हलक्या हाताने फिरवावी. त्यानंतर हवा मारावी.

जेट ओठांशी

फ्लोटची सुई व पॅकिंगचे किट घ्यायला आम्ही बाजारातल्या एका वयस्क मुस्लिम मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जुन्या डब्यांतून किट तर शोधून दिलेच, शिवाय विचारले, “किसने खोला?” आम्ही पुतण्याकडे बोट दाखवले. ते उठले आणि आमच्यासोबत अंगणात आले.

पुतण्या तेव्हा स्लो जेट ओठांत धरून फुंकत होता. जेट अजून पुरता मोकळा झाला नव्हता. मिस्त्रींनी हात पुढे केला, तोच जेट त्याच्या हातातून घेतला, न पुसता आपल्या ओठांशी धरला आणि जोराने फुंकर मारली. मग उजेडाकडे धरून पाहिले आणि परत दिला. “अब दिखता है. लेकिन बेटा, मुँह से मत किया कर. हमने शीशेवाला पेट्रोल बहुत चूसा है. सायकल का पंप ले आ.”

त्यांच्या दृष्टीने ही काहीच घटना नव्हती. आम्ही मात्र क्षणभर तसेच उभे राहिलो. आम्हाला मुंबईच्या कापडगिरण्या आठवल्या.

त्या गिरण्यांत विणाई खात्यात मजुरी अधिक मिळे, परंतु तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण असे की धोट्यातला धागा संपला की नव्या धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धाग्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला दुसऱ्याने ओठ कसे लावायचे? सवर्ण कामगारांना ते नको होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथेही त्यांनी हेच दुःख मांडले. आपला माणूस गँगमन म्हणून आयुष्य काढतो, कारखान्यात मेकॅनिक होणे त्याच्या नशिबी क्वचित, आणि फोरमन होणे तर दूरच.

ओठाला लागलेला धागा एका माणसाची रोजी हिरावून घेत होता. आमच्या अंगणात ओठाला लागलेला जेट एका हातातून दुसऱ्या हातात सहज गेला. गाव आणि आडनाव विचारून मुलाला परत पाठवणारे गॅरेजही याच जिल्ह्यात आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु यंत्र स्वतः आडनाव विचारत नाही, आणि यंत्राशी प्रामाणिक असलेला कारागीरही विचारत नाही, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले ते १९४२ मध्ये. त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती, तशीच सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवारीवर घेऊन काम शिकवावे अशीही होती. म्हणजे ज्या महापुरुषाने आम्हाला कचेरीच्या खुर्चीपर्यंत आणले, त्यानेच आमच्या मुलांच्या हाती पानाही मागितला होता. आम्ही खुर्ची तेवढी लक्षात ठेवली. मेलेले जनावर ओढण्याची सक्ती आमच्या बापजाद्यांनी झुगारली ती योग्यच होती, कारण ते काम जन्मावरून लादलेले होते. परंतु सक्तीचे काम टाकताना हाताचे प्रत्येक काम हलके मानू लागलो, तर ज्या व्यवस्थेविरुद्ध आपण लढतो तिचाच विचार आपल्या डोक्यात घर करून बसला असे म्हणावे लागेल. आम्ही पुतण्याला “सोड तो पाना” म्हणालो तेव्हा तो विचारच आमच्या तोंडून बोलला होता.

कानाने जुळवणे

सर्व भाग धुऊन, नवी सुई व पॅकिंग घालून कार्बोरेटर परत बसवला. आता जुळवणी, म्हणजे ट्यूनिंग. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी ती क्रमवार देतो.

प्रथम एअर फिल्टर स्वच्छ करावा. फिल्टर चोंदला असेल तर पुढची सर्व मेहनत वाया. मग हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्यावा, जोर लावू नये, नाहीतर त्याचे टोक बसकण मारते. तिथून दीड फेरी बाहेर काढावा. गाडी सुरू करून पाच-सात मिनिटे चालवून गरम करावी. थंड इंजिनावर केलेली जुळवणी फुकट जाते. मग रेसचा स्क्रू थोडा वाढवून इंजिन जागेवर टिकते करावे. आता हवेचा स्क्रू पाव-पाव फेरी आत-बाहेर फिरवून पाहावा. एका जागी इंजिनाचा आवाज सर्वांत मोकळा व वेग सर्वांत जास्त होतो. ती जागा सापडली की स्क्रू तिथेच ठेवावा आणि रेसचा स्क्रू कमी करून वेग नेहमीइतका आणावा.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो, बाहेर काढला की हवा वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो बहुधा मिश्रणाचा असतो, बाहेर काढला की पेट्रोल वाढते. दोन्हींचा परिणाम उलटा, म्हणून आधी बाजू पाहावी. १९८३ साली आलेल्या राजदूत साडेतीनशेसारख्या गाडीत दोन सिलिंडर व दोन कार्बोरेटर असतात. तिथे दोन्हींच्या तारा एकाच क्षणी उघडल्या पाहिजेत, नाहीतर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत बसतो.

चार-पाच किलोमीटर फिरवून प्लग काढावा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर हवा जास्त, चहासारखा तपकिरी असेल तर जुळले. पेट्रोल वाचवण्याच्या लोभाने हवा फार वाढवू नये. दोन स्ट्रोकचे इंजिन अशाने तापून पिस्टन जाम होतो.

आमच्या अंगणात स्क्रू फिरवायची वेळ आली तेव्हा पुतण्याने पेचकस आमच्या मुलीच्या हाती दिला. ती नववीत आहे. मिस्त्री म्हणाले, “आँख बंद कर, सिर्फ सुन.” तिने डोळे मिटले, हळूहळू स्क्रू फिरवला आणि एका जागी थांबली. “इथं,” ती म्हणाली. मिस्त्रींनी तपासून पाहिले. जागा बरोबर होती.

पेट्रोल बदलले आहे

जुन्या गाडीच्या मालकांनी आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास २००३ मध्ये पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल आले व आता ते सर्वत्र पंपांवर आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या व पॅकिंग यांना ते मानवत नाही आणि त्याला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या जुळवणीवर मिश्रणात हवा थोडी जास्त पडते. म्हणून नळ्या तपासत राहाव्यात आणि जुळवणी नव्याने करावी. गाडी पंधरा दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. आमचा जेट बुजला तो नेमका उन्हाळ्यात गाडी दोन महिने उभी ठेवल्यामुळे.

जुनी गाडीच चांगली, असे आमचे म्हणणे नाही. दोन स्ट्रोकची गाडी धूर करते हे खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनने घेतली. तिथे हवा सेन्सर मोजतो आणि पेट्रोल संगणक ठरवतो. आमच्या मुलांनी तेही शिकले पाहिजे. परंतु इंजिनाला किती हवा, किती पेट्रोल हा हिशेब दोन्हीकडे एकच आहे, आणि तो हाताने शिकलेला मुलगा संगणकापुढे गोंधळत नाही.

विहारात एक पेटी

एकूण खर्च किटचा आणि अर्ध्या लिटर पेट्रोलचा. मिस्त्रींनी चहाखेरीज काही घेतले नाही. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. त्या आठवड्यात आम्ही तिच्यावरूनच वाचनाला गेलो आणि रात्री तिच्यावरूनच परतलो.

आता पुतण्या त्या मिस्त्रींकडे रोज काम शिकतो. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्याने सोडलेला नाही, आम्ही तो सोडायला सांगणारही नाही. दोन्ही वाटा त्याच्या आहेत, निवड त्याची आहे. ज्या मालकाने आडनाव विचारून त्याला परत पाठवले, त्याच्यासमोर त्या वेळी आपण गप्प बसलो ही चूक झाली. पुन्हा असे घडले तर आम्ही मुलासोबत जाऊ.

आमच्या विहार समितीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे आणि ती वाचक बंधू-भगिनींपुढेही ठेवतो. प्रत्येक विहारात ग्रंथांचे कपाट असते, ते असलेच पाहिजे. त्याच्याशेजारी पान्यांची एक पेटी ठेवू या. महिन्यातून एक रविवार गावातली जाणती माणसे मुला-मुलींना यंत्र खोलायला व जोडायला शिकवतील. शिकवणारा कोणत्याही समाजाचा असो, त्याला मानाने बोलावू या. भगवान बुद्धांनी प्रत्येक गोष्ट स्वतः पारखून मगच स्वीकारण्यास सांगितले. शहरातला मिस्त्री “भंगारात द्या” म्हणाला, आम्ही ते न पारखता मान्य करायला निघालो होतो. एका मुलाने खोलून पाहू म्हटले. खोलून पाहणे ही सवय ज्या घरात रुजेल, त्या घराला कोणी सहजासहजी भंगारात काढू शकणार नाही.

जयभीम!